सुभेदाराचा उपवास

सुभेदाराला शुगर झाली आहे, हे निदान पहिल्यांदा केलं सूर्यभानरावांनी, आणि तेही चेष्टेत.

उन्हाळा सरत आला होता. भिंगारच्या त्या कॉलनीत नळाला एक दिवसाआड पाणी, म्हणून भीमाबाई अंगणात बादल्या, पातेली, घमेली, जे हाताला लागेल ते भरून ठेवायच्या. त्यातलं एक घमेलं रोज निम्मं रिकामं दिसायला लागलं. सूर्यभानरावांना वाटलं, घमेलं गळतंय. सगळी नोकरी लष्कराच्या वर्कशॉपात फिटर म्हणून काढलेला माणूस. गळती म्हटली की त्यांचे हात शिवशिवतात. त्यांनी घमेलं उपडं केलं, ठोकून पाहिलं, पुन्हा भरलं आणि खुर्ची टाकून राखणीला बसले. जरा वेळाने सुभेदार आला, त्याने घमेल्यात तोंड घातलं, ते वर काढायचं नाव घेईना.

"अगं, हिकडं ये," त्यांनी आत हाक दिली. "तुझ्या बोक्याला आपल्या मोकाटे क्लार्कवानी शुगर झाली बघ. त्यो बी आसाच तांब्यावर तांब्या रिचवायचा."

भीमाबाई पदराने हात पुसत आल्या आणि पोटभर हसल्या. त्या हसण्याचं पुढे त्यांना फार वाईट वाटलं.

सुभेदार म्हणजे तांबूस रंगाचा, थोराड डोक्याचा बोका. मिशा अशा की कॅन्टोन्मेंटमधल्या भल्याभल्यांनी बघत राहावं. निवृत्तीच्या दिवशी सूर्यभानराव शाल, नारळ आणि खिशात एक पिल्लू घेऊन घरी आले होते. ते त्यांना भंगारातल्या टायरमध्ये सापडलं होतं. शाल कपाटात गेली, नारळाची चटणी झाली, पिल्लू राहिलं. मुलगा कल्याण चाकणला कंपनीत, त्याचा फोन रविवारी यायचा. सुभेदार रोज पहाटे भीमाबाईंच्या पोटावर चढून त्यांना उठवायचा, मग कॉलनीची एक फेरी मारून सगळं जागच्या जागी आहे ना ते बघून यायचा. या दोन माणसांच्या घरात जे काही घडायचं ते त्याच्यामुळेच घडायचं, असं म्हटलं तरी चालेल.

तो खायचा पहिल्यासारखाच, किंबहुना जास्तच, आणि तरी वाळत चालला. एके सकाळी भिंतीवर उडी मारायला गेला आणि खाली पडला. चालताना मागचे पाय टाचांपर्यंत जमिनीला टेकवायला लागला. तेव्हा भीमाबाईंनी भाजीच्या टोपलीत जुनं लुगडं अंथरलं, त्यात त्याला बसवलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "स्कूटर काढा."

नगरच्या दवाखान्यातली डॉक्टर सायली वयाने लहान होती, पण आवाज शाळेतल्या बाईंचा. तिने सुभेदाराच्या कानाच्या कडेला बारीकशी सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला, मशीनवरचा आकडा बघितला आणि म्हणाली, "काकू, याला मधुमेह आहे."

"मांजराला?" सूर्यभानराव म्हणाले. चेष्टा इतकी अंगलट येईल असं त्यांना वाटलं नव्हतं.

"मांजराला. खायला काय देता?"

भीमाबाईंनी अभिमानाने सांगितलं. सकाळी दूध-चपाती. मग काकांच्या चहात बुडवलेलं बिस्किट. दुपारी दूधभात. संध्याकाळी पुन्हा चपाती, मऊ कुस्करून. शेजारपाजारी जे मिळतं ते वेगळं.

"मांजराची जात मांस खाणारी, काकू. तुम्ही त्याला लाडाने जावयासारखं वाढवलंय," डॉक्टर म्हणाली. "दूध, चपाती, भात, बिस्किट, सगळं आजपासून बंद. उकडलेलं चिकन, अंडं, आणि त्यावर मी देते ती पावडर. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिनची सुई. अगदी थोडं, सिरिंजवरची ही एकच रेघ. आणि एक नियम पाठ करून टाका, आधी खाणं, मग सुई. खाल्लं नाही तर सुई द्यायची नाही, मला फोन करायचा. कधी शुगर एकदम उतरली तर तो डुलायला लागेल, गळून पडेल. तेव्हा हिरड्यांना साखरेचं पाणी नाहीतर मध चोळायचा. तोंडात ओतायचं नाही, ठसका लागेल."

"म्हंजे आता जलमभर सुई?" भीमाबाईंचा आवाज बारीक झाला.

"बहुतेक. काही मांजरांची सुई सुटते, लवकर सुरू केलं आणि खाणं पाळलं तर. पण आशेवर राहू नका."

भीमाबाईंनी यातलं 'सुटते' एवढंच उचललं. दवाखान्याच्या पायरीवर उभं राहून त्यांनी पूर्वेकडे, म्हणजे मोहटादेवीच्या दिशेने हात जोडले आणि देवीला मनातल्या मनात सांगितलं, याची सुई सुटंस्तवर मी गोड चहा पिनार न्हाई. ऐकायला हे साधं वाटेल. पण भीमाबाईंचा चहा म्हणजे पाक असे, त्यात चमचा उभा राहिला असता. पाथर्डीकडच्या दुष्काळी गावातून लग्न होऊन भिंगारला आल्यावर त्यांनी आयुष्यात एवढी एकच चैन केली होती.

सुई द्यायची कोणी, यावर घरात चर्चा झालीच नाही. "मी इंजनात हात घालीन, त्याच्यात न्हाई," सूर्यभानरावांनी सांगून टाकलं आणि मशीनवर शुगर बघायचं काम स्वतःकडे घेतलं, कारण मशीन म्हणजे मशीन. राहिल्या भीमाबाई. पहिल्या दिवशी सुई कातड्याच्या या बाजूने गेली आणि त्या बाजूने निघाली, औषध सगळं केसांवर. दुसऱ्यांदा डोळे मिटून दिली, तेव्हा सूर्यभानराव ओरडले, "अगं, माझा आंगठा हाय त्यो!" पण माणूस पोटच्या पोरासाठी सगळं शिकतो. सुभेदार ताटलीत तोंड घालून चिकन खात असला की त्याच्या मानेमागचं कातडं चिमटीत उचलायचं, तंबू करायचा आणि हलकेच सुई घालायची. पुढे पुढे तर सुभेदार मान वर करून बघेनासुद्धा.

भीमाबाई गल्लीत दारोदार हिंडल्या. "कुनी बी सुभेदाराला काय घालू नका, त्याला पथ्य हाय," असं हात जोडून सांगून आल्या. लोक हसले. बोक्याला पथ्य! किराणावाल्या रंगुबाईने तर विचारलं, मग सकाळी फिरायला नेता का न्हाई त्याला. पण सगळ्यांनी पाळलं. महिनाभरात सुभेदाराच्या अंगावर मांस धरलं, केसांना तकाकी आली, आणि एक दिवस तो सरळ राहीबाईंच्या कंपाउंडवर उडी मारून बसला. भीमाबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी चहा टाकला. मग आठवलं, आणि बिनसाखरेचा प्यायल्या.

या राहीबाई म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेल्या शेजारीण. त्यांचे यजमान वाल्मिक आणि सूर्यभानराव एकाच वर्कशॉपात होते. क्वार्टरमध्ये असल्यापासून घरोबा. पुढे प्लॉट घेतले तेही शेजारी शेजारी. राहीबाईंच्या घरात बाबासाहेबांची आणि बुद्धाची तसबीर, भीमाबाईंच्या घरात देवीचा टाक. दोघींनी एकमेकींची बाळंतपणं काढली होती आणि आता रोज दुपारी चारला एकमेकींचा चहा काढायच्या. एकीच्या घराची दुसरी किल्ली दुसरीच्या खिळ्याला कायमची टांगलेली असायची.

श्रावण लागला तेव्हा पहिली अडचण आली. श्रावणात भीमाबाईंच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही. सुभेदाराचं चिकन शिजवायचं कुठं?

"मी शिजवते की," राहीबाई म्हणाल्या.

"अगं, पन तुमचा बी तर वर्षावास चालू हाय, पावसाळाभर तुमी बी मांस खात न्हाई."

"मी पाळतेय वर्षावास. बोक्यानं कुटं शील घेतलंय?"

झालं. महिनाभर सुभेदार सकाळ-संध्याकाळ शेजारी जेवायला जायचा आणि भीमाबाई सिरिंज घेऊन त्याच्यामागे. राहीबाईंच्या स्वयंपाकघराच्या दारात तो खायचा, भीमाबाई सुई द्यायच्या, आणि "भीमे, तुझी देवी भिंतीपलीकडं बघत न्हाई व्हय गं?" असं राहीबाई विचारायच्या. भीमाबाई म्हणायच्या, "बघत आसंल. पन तिला बी बोक्याची काळजी हाय." दोघी हसायच्या. ते हसणं खरं होतं, पण भीमाबाईंच्या मनात कुठंतरी बारीक टोचायचं. आपलं सोवळं जपायला आपण हिच्या चुलीचा आधार घेतोय, हे त्यांना कळत होतं. कळलं तरी श्रावणात देवीच्या घरात चिकन आणायची छाती होत नव्हती, त्याला त्या काय करणार?

तेच नवरात्रात झालं. भीमाबाईंचे नऊ दिवस कडक, अनवाणी आणि दोन्ही वेळचा उपवास. सातव्या माळेपर्यंत राहीबाईंनी निभावलं. सातव्या माळेला त्या पिशवी भरता भरता म्हणाल्या, "आमी उद्या पहाटं निघतो. गल्लीतले सगळे हायत बसमधी."

दसऱ्याला राहीबाई आणि वाल्मिक दरवर्षी नागपूरला, दीक्षाभूमीला जायचे. भीमाबाईंना हे पंचांगाइतकं माहीत होतं. आणि तरी त्या सुभेदाराच्या नादात विसरल्या होत्या.

"मी काय म्हनते," राहीबाई म्हणाल्या, "परत येईस्तवरचं उकडून डब्यात भरून देते. तुझ्या फ्रिजात ठेव."

फ्रिज घटाच्या खोलीच्या दाराशीच. त्यात नैवेद्याचं दूध, दह्याची वाटी, फुलांच्या माळा. भीमाबाईंना 'हो' म्हणवेना. आणि जिने श्रावणभर आणि आता सात दिवस आपल्या बोक्याला शिजवून घातलं तिच्या तोंडावर 'नको'ही म्हणवेना.

"बगते मी कायतरी," त्या म्हणाल्या.

राहीबाईंनी त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. "बरं," म्हणाल्या आणि पिशवीची चेन ओढली.

आठव्या माळेची सकाळ उजाडली. सूर्यभानराव म्हणाले, "चौकात गाडीवाल्याकडून दोन उकडलेली अंडी आनतो."

"घटाच्या घरात अंडं? हात जोडते तुमच्या."

"मंग बोक्यानं खायाचं काय?"

भीमाबाईंनी विचार केला, आणि विचार असा केला की तो फक्त घटी बसलेली बाईच करू शकते. आपण उपवासाला दिवसच्या दिवस दुधावर काढतो. आपल्याला काही होतं का? तेव्हा दूध हे खाणंच. बोका एक दिवस दुधावर राहिला तर काय बिघडलं? डॉक्टरीण दूध नको म्हणाली होती ते त्याने शुगर वाढते म्हणून. मग दूध दिल्यावर सुई चुकवून चालणारच नाही. सगळा हिशेब त्यांना अगदी चोख वाटला. त्यांनी वाटीत दूध ओतलं. सुभेदार दुधाची चव विसरून गेला होता. त्याने वास घेतला, भीमाबाईंकडे पाहिलं, आणि पाहुण्याच्या घरी मानाखातर घ्यावेत तसे दोन-चार घोट घेतले. 'आधी खाणं, मग सुई.' नियम पाळला. भीमाबाईंनी मानेचं कातडं उचललं आणि रोजची रेघ भरून सुई दिली.

मग त्या कडाकण्यांना बसल्या. अष्टमीचा फुलोरा म्हणजे घरची मोठी गडबड. गुळाच्या पाण्यात भिजवलेलं कणीक-रव्याचं पीठ, त्याच्या पातळ पातळ कडाकण्या लाटायच्या, तळायच्या आणि दोऱ्यात ओवून घटावर टांगायच्या. पहिला घाणा देवीचा. सूर्यभानराव दोऱ्यात कडाकण्या ओवत होते आणि मधूनमधून "तुटका तुकडा न्हाई का एखादा?" असं विचारत होते. दुपार होत आली. भीमाबाईंच्या लक्षात आलं की बराच वेळ सुभेदार पायात आला नाही. तेलाचा वास सुटला की तो कधी लांब राहायचा नाही.

तो घटाच्या खोलीच्या उंबऱ्याशी होता. उठायचा प्रयत्न करत होता आणि डोकं एका बाजूला झुकत होतं. दोन पावलं टाकली, दारू प्यायल्यासारखा डुलला आणि आडवा झाला. डोळे उघडे, पण बघत काहीच नव्हते. मग त्याचे पाय झटके द्यायला लागले.

"आवो!" भीमाबाई अशा ओरडल्या की सूर्यभानरावांच्या हातून दोरा सुटला आणि ओवलेल्या कडाकण्या फरशीवर पडून त्यांचा चुरा झाला.

सूर्यभानरावांनी बोक्याच्या कानाला सुई टोचली, थेंब घेतला. मशीन बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "लई खाली हाय. पस्तीस."

भीमाबाईंना आधी देवी आठवली. बोक्यापायी आपण देवीचा काही अपराध केला आणि आता ती घेऊन चालली त्याला, असं वाटलं. आणि मग त्याच्या पलीकडून डॉक्टर सायलीचा शाळेतल्या बाईंचा आवाज आठवला. हिरड्यांना साखरेचं पाणी. समोर परातीशेजारी वाटी होती, देवीच्या फुलोऱ्यासाठी केलेलं गुळाचं दाट पाणी. त्यांनी ती उचलली. नैवेद्य उष्टा होतो, विटाळतो, यातलं काहीही त्या क्षणी त्यांच्या मनाला शिवलं नाही. बोट बुडवायचं, ओठ वर करायचा, हिरडीला चोळायचं. पुन्हा बुडवायचं, पुन्हा चोळायचं. "वतू नको, वतू नको," सूर्यभानराव एका हाताने फोन कानाला धरून सांगत होते. "गिळ रे माझ्या राजा," भीमाबाई म्हणत होत्या. घट शेजारीच होता, दिवा तेवत होता, आणि देवी जर बघत असेल तर तिने एवढंच पाहिलं असेल की तिच्या नैवेद्याचा गूळ एका बोक्याच्या मिशांना लागला आहे.

थोड्या वेळाने झटके थांबले. सुभेदाराने जीभ बाहेर काढून ओठ चाटला. भीमाबाईंना इतकं रडू आलं की त्यांना पुढचं दिसेना.

डॉक्टर फोनवर म्हणाली होती, लगेच घेऊन या. भीमाबाई स्कूटरवर मागे बसल्या, टोपली मांडीवर, पाय अनवाणी, हाताला पीठ आणि गूळ. डांबर तापलेलं होतं. त्यांना काही कळलं नाही.

दवाखान्यात डॉक्टर सायलीने त्याच्या पायातून ग्लुकोज लावलं आणि मग या दोघांकडे वळली.

"सकाळी काय खाल्लं होतं याने?"

"दूध पिला हुता," भीमाबाई म्हणाल्या.

"किती?"

"थोडं."

"आणि सुई?"

"पुरी."

डॉक्टर चिडली, आणि चिडायला हवंच होतं. उपवास तुमचा आहे, त्याचा नाही, असं म्हणाली. दोन घोट दुधावर इन्सुलिन देणं म्हणजे काय, हे तिने न ओरडता पण एकेक शब्द तोडून सांगितलं. भीमाबाई खाली मान घालून ऐकत राहिल्या. त्यांना एकच माहीत करून घ्यायचं होतं आणि ते विचारायची हिंमत नव्हती. शेवटी सूर्यभानरावांनी विचारलं. "जगंल ना?"

"जगेल. गूळ चोळलात म्हणून जगेल," डॉक्टर म्हणाली. "संध्याकाळपर्यंत इथे राहू दे."

भीमाबाई भिंतीला टेकून खाली फरशीवरच बसल्या. सकाळपासूनची भूक, उन्हातले पाय, सगळं एकदम जाणवायला लागलं. बाकड्यावर जागा होती, पण तिथवर उठून जायला अंगात त्राण नव्हतं. त्या बसल्या जागी देवीचं नाव घेत राहिल्या आणि मधेच नागपूरच्या रस्त्यावर असलेल्या राहीबाईंचंही.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आली ती वेगळाच चेहरा घेऊन. "काका, गेल्या आठवड्यात सकाळची शुगर किती यायची?"

सूर्यभानराव चुळबुळले. "शंभर, सव्वाशे. कवा तर त्येच्याबी खाली."

"मग मला कळवलं का नाही?"

"मला वाटलं मशीन बिघडलं. येवढा आजारी बोका, त्याची शुगर माझ्यापेक्षा चांगली कशी आसंल? मी सेल बदलला."

"सेल बदलला!" भीमाबाईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं की निवृत्त फिटरने नजर छताच्या पंख्याकडे वळवली.

डॉक्टर सायलीला हसू आवरेना. "काका, मशीन चांगलं होतं. बोकाच चांगला होत होता." ती भीमाबाईंजवळ खाली उकिडवी बसली. "काकू, तुमची चूक झाली ती झालीच. पण इतक्या थोड्या इन्सुलिनने शुगर एवढी खाली का गेली, हा प्रश्न मला दुपारपासून छळतोय. मला वाटतं, याचं शरीर पुन्हा स्वतःचं इन्सुलिन करायला लागलंय. बाहेरच्या सुईची त्याला गरजच उरली नसावी. उद्यापासून सुई देऊ नका. खाणं तेच. दूध नाही, चपाती नाही. रोज शुगर बघा आणि आकडा मला कळवा, कितीही आला तरी. सेल बदलू नका."

"म्हंजे सुई सुटली?"

"दोन आठवड्यांनी सांगेन. पण चिन्हं चांगली आहेत."

सुभेदाराला टोपलीत घेऊन ते घरी आले. तो अशक्त होता, पण मान वर करून रस्ता बघत होता. आणि भुकेला होता. टोपलीतून उतरला तो थेट भिंतीकडे गेला आणि राहीबाईंच्या घराकडे तोंड करून ओरडायला लागला. भीमाबाई उभ्या राहून बघत होत्या. खाणं तेच, डॉक्टर म्हणाली होती. आता चुकायचं नाही. त्यांनी खिळ्यावरची किल्ली काढली. निदान तिथं अंडी तरी असतील, आणि तिथली चूल आपल्या घटाची नाही, एवढाच विचार होता. त्या अनवाणी शेजारी गेल्या, कुलूप उघडलं, दिवा लावला आणि राहीबाईंचा फ्रिज उघडला.

मधल्या कप्प्यात स्टीलचा डबा होता. झाकण काढलं. आत उकडून, हाडं काढून, बारीक तोडलेलं चिकन. डब्यावर पावडरची पुडी रबराने बांधून ठेवलेली. भीमाबाई तो डबा हातात घेऊन उभ्या राहिल्या. राहीबाईंना माहीत होतं. 'बगते मी कायतरी' म्हणणारी भीमा काहीच बघणार नाही, आणि 'नको' म्हणायला लाजणार, हे तिला पिशवी भरतानाच कळलं होतं. किल्ली आपल्याच खिळ्याला होती. फक्त येऊन बघायचं होतं.

त्यांनी राहीबाईंच्या स्वयंपाकघराच्या फरशीवर बसकण मारली, ताटलीत चिकन वाढलं आणि सुभेदाराला खाताना बघत मनसोक्त रडल्या. सुई द्यायची नव्हती. हात रिकामे होते, त्यांचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. शेवटी त्यांनी राहीबाईंना फोन लावला. पलीकडे गर्दीचा, घोषणांचा आवाज.

"डबा हाय म्हनून सांगायचं न्हाईस व्हय गं?" भीमाबाई म्हणाल्या आणि सगळं सांगून टाकलं. दुधाचं, सुईचं, गुळाच्या पाण्याचं.

राहीबाई गर्दीतून बाजूला झाल्या, आवाज कमी झाला. मग म्हणाल्या, "चुकलंच माजं. सांगितलं आसतं तर तू हो बी म्हनाली नसतीस आन नको बी म्हनाली नसतीस. मला तुला कोंडीत धरायचं नव्हतं. म्हनलं, भूक लागली की तुझा बोका तुला घिऊन यील."

"आनलं की त्यानं," भीमाबाई म्हणाल्या. "उशिरा, पन आनलं."

दसरा झाला. सकाळचा आकडा रोज डॉक्टरला जात होता आणि डॉक्टरकडून रोज एक हसरं चिन्ह येत होतं, ते सूर्यभानराव सगळ्या गल्लीला दाखवत होते. राहीबाई नागपूरहून आल्या. घट उठले होते, त्यामुळे आता भीमाबाई स्वतःच्या चुलीवर चिकन उकडत होत्या. दिवाळीच्या तोंडावर डॉक्टर सायलीने सुभेदाराला पुन्हा तपासलं आणि म्हणाली, "सुटली सुई. पण काकू, हा आजार परत येऊ शकतो. खाणं जन्मभर हेच. आठवड्यातून एकदा शुगर बघायचीच." भीमाबाईंनी मान डोलावली. या वेळी 'सुटली' आणि त्यापुढचं 'पण', दोन्ही ऐकलं होतं.

त्या दिवशी दुपारी चारला राहीबाईंच्या घरी चहा होता. राहीबाईंनी सवयीने बिनसाखरेचा टाकला. भीमाबाई म्हणाल्या, "साखर घाल. नवस फिटला."

"कसला नवस?"

भीमाबाईंनी सांगितलं. इतके महिने त्यांनी तो कोणालाच सांगितला नव्हता, नवस सांगायचा नसतो म्हणून.

राहीबाई साखरेचा डबा हातात घेऊन बघत राहिल्या. "मला वाटलं, तुला बी शुगर निघाली आन तू लपवतीस. म्हनून मी बी बिनसाखरेचा पीत हुते तुझ्यासंगं. तुझ्यासमोर गोड कसं प्यायचं?"

दोघी अशा हसल्या की अंगणात झोपलेला सुभेदार उठून आत आला. राहीबाईंनी साखर घातली, भीमाबाईंच्या मापाने. पहिला घोट घेतल्यावर भीमाबाईंनी डोळे मिटले. बरं वाटलं. इतकं बरं त्यांना दवाखान्यात 'जगेल' ऐकल्यापासून वाटलं नव्हतं.

"पुढल्या नवरात्रात," त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "तुझा डबा माझ्या फ्रिजात ठिवायचा."

"आन देवी?"

"देवीनं आपल्या वाटीतलं काढून त्याला दिलं. ती काय डबा बघून रुसनार हाय?"

 राहीबाईंनी भीमाबाईंच्या कपात अजून थोडा चहा ओतला. सुभेदार दोघींच्या मधे येऊन बसला आणि आपली ताटली रिकामी आहे हे दोघींनाही आळीपाळीने सांगायला लागला.